साधी काच

नाही हो, मला नकोय चष्मा. माझ्या डोळ्यांना काही धाड भरलेली नाही — ह्यांचा न्यायला आलेय, आमच्याकडच्यांचा. सूनबाई सांगून गेली होती ना, सासऱ्यांचा, जवळचं वाचायचा, काळी जाड काडी — हां, तोच. झालाय ना? असू दे, असू दे, डबीतच असू दे, मला त्यातलं काय कळणार. मी जरा वेगळंच विचारायला आलेय. बसू का इथे? हे खिडकीशेजारचं स्टूल बरं आहे, खालचा रस्ता दिसतो. तो समोर न्हावी दिसतोय का तुम्हाला, काचेच्या दाराचा — आत पहिल्या खुर्चीत गळ्याला पांढरं फडकं बांधून बसलेत ना, ते आमचे हे. तिथून उठले की सरळ वर येणार, तुम्हाला कानाचं माप द्यायला. मी म्हटलं, तुम्ही केस कापून घ्या, तोवर मी भाजी बघते. भाजीबिजी काही नाही, मी तडक तुमच्याकडेच आले. तर दादा — दादाच म्हणते हं, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे आहात — ह्या चष्म्यात साधी काच घालता येईल का? साधी म्हणजे साधी, खिडकीला असते तशी. नंबर नको.

हसू नका. हसण्यासारखं आहे, मान्य, पण हसू नका. दिसणार नाही त्यांना, म्हणताय — हो, तेच तर म्हणतेय मी. कसं आहे, त्यांना आता सवय झालीय बिनचष्म्याची. इतकी वर्षं निभावलं, आता ह्या वयात नाकावर ओझं कशाला? आणि मी ऐकलंय, जवळचा चष्मा लावून जिना उतरलं की पायरी चुकते — चुकते ना? मग. पडले-बिडले, खुब्याचं हाड मोडलं, तर कोण करणार? मीच ना? काय — उतरताना काढून ठेवायचा? तुम्हाला काय जातंय सांगायला. बरं, ते राहू दे. मी म्हणते कुणाला कळणार आहे? हे लावून बघतील, म्हणतील काही फरक नाही, मी म्हणेन आता डोळेच थकले, चष्मा तरी काय करणार. चष्मा कपाटात जाईल. सूनबाईला वाटेल तिने तिचं कर्तव्य केलं. तुम्हाला तुमच्या कामाचं मिळालेलंच आहे. कुणाचं काही बिघडत नाही ह्यात — माझं सोडून, आणि ते मी तुमच्यापर्यंत पोचू देणार नाही. मान का हलवताय? तुम्ही ह्यांना ओळखत नाही म्हणून मान हलवताय.

हे कुठे होते माहितेय? कपबश्यांच्या कारखान्यात. चिनी मातीच्या. तपासणीच्या टेबलावर. भट्टीतून माल आला की एकेक कप उचलायचा, दिव्यापुढे धरायचा, गोल फिरवायचा, नखाने टिचकी मारायची, कानाशी न्यायचा. कुठे केसाएवढी चीर, कुठे टाचणीच्या टोकाएवढं भोक, कुठे काळा ठिपका — दुसऱ्याला दाखवूनसुद्धा दिसायचं नाही, ह्यांना न दाखवता दिसायचं. कारखान्यात सगळे ‘भिंग’ म्हणायचे त्यांना. भिंग आला, भिंग गेला. तोंडावर नाही, पाठीमागे, पण ह्यांना ठाऊक होतं आणि आवडायचं. आणि खोट सापडली की लाल पेन्सिलीने त्यावर फुली मारायची — साधी पेन्सिल नव्हे, मेणाची, गुळगुळीत मातीवर उठते ती. फुली पडली की कप फोडायच्या पेटीत. त्यात पुन्हा दयामाया नाही. मालकाचा भाऊ एकदा म्हणाला म्हणे, हा ठिपका बशीखाली झाकला जाईल, जाऊ द्या. ह्यांनी त्याच्यासमोर फुली मारली आणि कप त्याच्या हातात दिला. तुम्ही स्वतःच फोडा म्हणाले. माणूस म्हणून कामात चोख, त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही.

पण पेन्सिल खिशात असायची ना. ती घरी यायची. लग्न झाल्यावर पहिल्या काही दिवसांत मी ताट घासून ठेवलं, जेवायला वाढायला घेतलं, तर ताटाच्या मधोमध लाल फुली. मला वाटलं कारखान्यातून चुकून लागलं. वरवर पुसलं, वाढलं. ते जेवले नाहीत. ताट तसंच सरकवलं आणि उठले. मग माझ्या लक्षात आलं, फुलीखाली कसला तरी वाळलेला कण होता. एवढासा. तर अशी पद्धत. बोलायचं नाही, ओरडायचं नाही, हात उगारायचा नाही — लोक म्हणतात ना नवरा मारतो, तसलं काही नाही बरं का — नुसती फुली मारायची आणि खुर्चीत पेपर घेऊन बसायचं. मी शोधायची. शर्टाच्या कॉलरच्या आतल्या बाजूला फुली. खिडकीच्या काचेवर फुली. मुलाच्या दूध प्यायच्या भांड्याच्या कडेवर फुली. तांदळात खडा निघाला तर तो खडा ताटाच्या कडेला आणि त्याच्याशेजारी फुली. संध्याकाळी ते यायच्या आधी मी घरभर फिरून बघायची, ओट्याच्या खालून, नळाच्या मागून, दिव्याच्या बटणांवरून — आणि तरी त्यांना सापडायचंच. आणि ते मेण पुसलं जात नाही हो सहजासहजी. गरम पाणी ओतायचं, नखाने खरवडायचं. माझी नखं कायम लाल. शेजारीण विचारायची, रंग लावतेस का गं. हो म्हणायची.

माणसावर? नाही, माणसावर कशाला मारतील. एकदा हातावर मारली होती. व्याही आले होते बोलणी करायला, मी सगळ्यांना पाणी दिलं, माझ्या मनगटाला पीठ लागलेलं होतं वाटतं. ह्यांनी सगळ्यांच्या देखत माझा हात धरला, खिशातून पेन्सिल काढली आणि हसत हसत — व्याहीसुद्धा हसले, त्यांना गंमत वाटली. मीही हसले. सूनबाई तेव्हा नुकती पसंत केलेली, तीही आली होती त्यांच्याबरोबर, ती मात्र हसली नाही, ते माझ्या लक्षात राहिलंय. आणि एकदा — जाऊ दे. नाही, काही नाही. जाऊ दे म्हटलं ना. न्हावी काय करतोय बघू — कात्री चालू आहे अजून. मला लांबचं कसं लख्ख दिसतं बघा, त्या न्हाव्याच्या काचेवर लिहिलेलं अक्षर न् अक्षर वाचून दाखवेन तुम्हाला इथून.

तर मग डोळे गेले त्यांचे. गेले म्हणजे, वय झालं की सगळ्यांचे जातात तसे, जवळचं अंधुक. तुम्हाला काय सांगायचं, तुमचा तर धंदाच आहे तो. आधी पेपर लांब धरायला लागले. मग आणखी लांब. मग हात आखूड पडायला लागले. म्हटलं, चष्मा करून घ्या. तर असं काही बघितलं माझ्याकडे. कारण त्या टेबलावर रीतच तशी होती — चष्मा लागला की टेबल सुटलं. तो माणूस मग पॅकिंगला, पेट्यांत गवत भरायला. ह्यांनी स्वतःच पाठवले होते ना तसे कितीतरी जण. म्हणायचे, काचेआडून बघणारा काय तपासणार. मग स्वतः कसा लावणार? नाही लावला. टिचकीच्या आवाजावर काम रेटत राहिले, बोट फिरवून चीर शोधत राहिले. आणि एक दिवस आख्खी भट्टीच्या भट्टी माल पास केला त्यांनी, पेट्या भरून बाहेर गेल्या आणि तशाच परत आल्या. कपांत गरम ओतलं की तडकत होते म्हणे. दुसऱ्या दिवशी घरीच. मला सांगितलं की कंटाळा आला, स्वतःहून सोडलं. मी म्हटलं, बरं केलंत. पण पॅकिंगमधल्या एकाची बायको मला बाजारात भेटली होती, मला सगळं कळलं होतं. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. घरी येऊन, दार लावून, मी पाण्याचा नळ सोडला आणि हसले. वाटू नये बायकोला असं, पण वाटलं, त्याला आता काय करणार.

त्यानंतरचे दिवस तुम्हाला कसे सांगू मी. सुरुवातीला मारत होते फुल्या, पण भलतीकडेच. धुतलेल्या पातेल्यावर फुली, कोऱ्या भिंतीवर फुली. मी पुसून टाकायची. मग त्यांनाच कळलं असावं. कमी झाल्या, आणि एके दिवशी कप हातात धरून कितीतरी वेळ पुढे-मागे करत बसले, आणि मला हाक मारली. म्हणाले, ‘जरा बघ गं, ह्यात काही आहे का?’ दादा, इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा त्यांनी मला बघायला सांगितलं. मी कप हातात घेतला, दिव्यापुढे धरला, त्यांच्यासारखाच फिरवला. म्हटलं, स्वच्छ आहे. त्यांनी चहा प्यायला. बस. तेव्हापासून तेच चाललंय — बघ गं, स्वच्छ आहे. बघ गं, स्वच्छ आहे. आता तर विचारतही नाहीत, पुढ्यात येईल ते जेवतात, छान झालंय म्हणतात. संध्याकाळी दोघं गॅलरीत बसतो. ते मला कारखान्यातल्या माणसांच्या नकला करून दाखवतात — येतात त्यांना नकला, मला माहीतच नव्हतं. रस्ता ओलांडताना माझा हात धरतात. लोकांचा संसार आधी होतो आणि मग म्हातारपण येतं, माझा संसारच म्हातारपणी सुरू झाला. आणि आता तुम्ही त्यांना हे डोळे परत देणार. मला भीती वाटते हो. ह्या वयात नवऱ्याची भीती वाटते म्हणायला लाज वाटते, पण वाटते. ती पेन्सिल अजून खिशात असते त्यांच्या.

सूनबाईच्या डोक्यातलं खूळ हे. वाईट नाही हो ती, गुणाची आहे, फक्त जरा चिकित्सक. आमच्याकडे आली की कप आधी स्वतः विसळून घेते. धुतलेला असतो, तरी विसळते. म्हणते, सवय आहे. नातीचं खाणं घरून डब्यात घेऊन येते — मुलीला बाहेरचं चालत नाही म्हणे. आजीचं घर बाहेरचं कधीपासून झालं? पण मी नाही बोलत, आजकालच्या मुली, त्यांची तंत्रं वेगळी. मुलगाही हल्ली म्हणतो, आई, तू कशाला दगदग करतेस, आपण बाहेरच जेवू. प्रेमाने म्हणतो. शेजारीण पूर्वी रोज चहाला यायची, आता दारातूनच बोलते, म्हणते पित्त होतं. होत असेल. वय सगळ्यांचंच झालं. मागे एकदा सूनबाईला उशीर होणार होता, नात माझ्याकडेच जेवली. मी भात केला, मऊ, तिला आवडतो तसा. तर विचारते, आजी, ह्यात काळं काळं काय आहे? म्हटलं, मिरी असेल बाळा, खा. मुलं काय, काहीही विचारतात. खाल्लं तिनं सगळं, शहाणी आहे. रात्री पोट बिघडलं तिचं, दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. हवाच तशी होती तेव्हा, सगळीकडे साथ होती. तर त्यानंतर सूनबाई आली आणि म्हणाली, बाबांचे डोळे तपासून घेऊ, त्यांना चष्मा करू, त्यांना नीट दिसायला लागलं की तुम्हालाही घरात मदत होईल. मी म्हटलं, मला कसली मदत, माझे डोळे शाबूत आहेत. मी तिला नेहमीच सांगते, मला सुईत दोरा ओवता येतो अजून. मग चष्म्याचं ठरवूनच टाकलं तिनं.

हे काय देताय? डबी बदलून घ्यायची? कुठलीही द्या. ही बरी आहे — काय लिहिलंय हिच्यावर? एवढं बारीक कशाला लिहितात हे लोक. — काय बघताय? हात लांब केला मी? केला असेल. सगळेच करतात. नाही हो, दिसतं मला. दिसतं म्हटलं ना. उजेड कमी आहे तुमच्याकडे. — बरं, नाही दिसत. झालं समाधान? नाही दिसत. ह्यांच्या मागोमागच माझंही तसंच व्हायला लागलं, मी कुणाला सांगितलं नाही. सुईत दोरा कसला, माझ्या तळहातावरच्या रेषा मी कित्येक वर्षांत बघितलेल्या नाहीत. तांदूळ निवडते मी, हाताने, बोटांना खडा लागतो. बाकीचं काय, इतकी वर्षं तेच केलंय, हात आपोआप चालतात, घासायचं ते घासते, पुसायचं ते पुसते, पूर्वीइतकंच पाणी, पूर्वीइतकाच साबण. चष्मा कसा लावणार होते मी? मी चष्मा लावला असता तर ह्यांना कळलं असतं ना, की मी बघत नव्हते. कप दिव्यापुढे धरून स्वच्छ आहे म्हणायची ते न बघताच म्हणायची. मग काय राहिलं असतं? दोघांनाही दिसत नव्हतं, म्हणून तर बरं चाललं होतं.

नको, ह्यांचा चष्मा मी कसा लावू. नको म्हणतेय ना. नंबर जवळपास सारखाच असतो ह्या वयात? असेल. तुम्हीपण हट्टी आहात, दादा. बरं, द्या. एकदा लावते आणि देते, मग तुम्ही मला साधी काच घालून द्या, कबूल? — आरसा नको. आरसा बाजूला ठेवा आधी. इकडे काडी, इकडे — हं.

अगंबाई. हे माझं बोट आहे. केवढ्या रेषा आहेत. तुमच्या टेबलावर ओरखडे आहेत हो, मला वाटलं गुळगुळीत आहे. डबीवर लिहिलंय — कापडाने हळुवार पुसावे. वाचलं मी. वाचलं की नाही? बघा, कापडाने हळुवार — हे काय आहे? माझ्या बाहीवर हे काय आहे? हा कालच धुतलेला पोलका आहे. मी स्वतः धुतलाय, घासून घासून, कडा नीट घासल्यात मी. हे तपकिरी — हे सगळीकडेच आहे. इथे वाळलेलं अन्न आहे. माझ्या नखांत — नका बघू. तुम्ही बघत होता? मी आल्यापासून बघत होता तुम्ही? मी इथे बसून बडबडतेय आणि तुम्हाला दिसतंय. सगळ्यांना दिसतं. शेजारणीला दिसतं.

मिरी नव्हती ती. मी भातात मिरी घालतच नाही कधी. तांदळात पोरकिडे झाले असणार, बोटांना कसे लागणार ते, खडा लागतो, किडा कुठे लागतो. आणि मी तिला खा म्हटलं. तिनं ताट पुढे धरून मला विचारलं, सरळ विचारलं, ह्यात काय आहे, आणि मी वाकून बघितल्यासारखं केलं आणि म्हटलं, खा. माझ्या हातानं. साथ नव्हती हो दादा, कसली साथ. सूनबाईला माहीत आहे. ती दवाखान्यात माझ्याशी एक शब्द वाकडा बोलली नाही, मला घरी जाऊन झोपा म्हणाली. कप विसळून घेते तेव्हासुद्धा माझ्याकडे पाठ करून विसळते, मला दिसू नये म्हणून. मला वाटायचं तिला स्वतःच्या स्वच्छतेचा गर्व आहे. आणि चष्मा ह्यांना. मला नाही — मी तिला दर वेळी सांगत होते ना, माझे डोळे शाबूत आहेत, मग ती मला कशी करणार? तिनं ठरवलं, दोघांपैकी एकाला तरी दिसू दे.

नाही, नको आता साधी काच. राहू दे. म्हणजे तुम्ही घालणार नव्हताच, पण घालत असलात तरी नको. कुणाला तरी दिसायला हवं त्या घरात. पोर येते हो तिथे. पण दादा, ह्यांना दिसणार म्हणजे काय दिसणार, मलाच माहीत नाही. मी बाहीच बघितलीय नुसती. ओटा कसा असेल? कपांच्या आत काय असेल — रोज धुते मी, रोज, पण आतमध्ये काय असेल? दिव्यापुढे धरून मी त्यांना स्वच्छ आहे म्हटलेले कप. ते घरी जाऊन पहिल्यांदा कपच उचलतील, मला ठाऊक आहे, उचलतील आणि खिडकीपाशी नेतील. मघाशी तुम्ही विचारत होता ना, माणसावर मारली का कधी. मारली. गालावर. मुलगा झाला होता तेव्हा, महिनाभर मी नीट झोपले नव्हते, मी तोंड धुतलं नव्हतं म्हणून. दिवसभर ठेवायला लावली. सासूबाई आल्या, बघितलं आणि बाळाला उचलून आत गेल्या. मला वाटत होतं ते सगळं संपलं. आणि ह्या वेळी ते चुकीचं म्हणणार नाहीत, मला हेच सोसत नाहीये. तेव्हा एवढ्याशा कणावर मारायचे, म्हणून मला मनातल्या मनात त्यांना दुष्ट म्हणता यायचं. आता काय म्हणू?

न्हाव्याने — हा चष्मा काढते, ह्यातून लांबचं काही दिसत नाही — न्हाव्याने फडकं सोडलं. मानेवरचे केस झटकतोय. उठले. आरशात बघतायत, अगदी मान मागे नेऊन बघतायत, त्यांना काय दिसतंय कुणास ठाऊक. दादा, ऐका, तो तिथे टांगलेला एक द्या मला, तयार असतात ते, कुठलाही, त्याचं आपण नंतर बघू. हाच द्या. नंबर चुकीचा असला तरी चालेल, मला काही वाचायचं नाहीये. आणि खाली उतरायला मागून जिना आहे का? दाखवा. घर लांब नाही, मागच्या गल्लीतून गेले तर त्यांच्या आधी पोचते मी. सगळं व्हायचं नाही, मला कळतंय, सगळं नाही होणार, पण ओट्यावरचं, आणि तांदळाचा डबा तर फेकूनच देते आधी.

तुम्ही त्यांना बसवून ठेवा. ती बारीक अक्षरांची पाटी वाचायला लावा, पुन्हा पुन्हा लावा, त्यांना आवडेल. कौतुक करा त्यांच्या डोळ्यांचं. कारखान्याचं विचारा, कपबश्या कशा तपासायचे विचारा, एकदा सुरू झाले की त्यांना वेळेचं भान राहत नाही. मी कुठेय विचारलं तर भाजी आणायला गेली असेल म्हणा. नाहीतर काहीच म्हणू नका, तुम्ही मला बघितलंच नाही. जिन्यावर आले वाटतं — हो, तेच, कठड्याला हात घासत चढतात. सावकाश करा, दादा, एवढंच माझं काम करा. कान दुखतो म्हणाले तर काडी पुन्हा वाकवा, पुन्हा बसवा, पुन्हा काढा. माझे कप तरी होऊ देत. येते मी.